ओसरत्या पाण्याकाठी

चोबे नदी वर्षातले काही आठवडे उलटी वाहते. अंगोलाच्या पठारावर उगम पावते तेव्हा तिचं नाव क्वांडो असतं, नामिबिया आणि बोत्स्वाना यांच्या सीमेवर ती लिन्यांती होते आणि शेवटच्या टप्प्यात चोबे. कझुंगुलाला ती झांबेझीला मिळते. त्या संगमापाशी बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे हे चार देश एकमेकांना जवळजवळ खेटतात. मार्च-एप्रिलमध्ये झांबेझी उत्तरेकडचा पाऊस पोटात घेऊन फुगते, आणि इथली जमीन इतकी सपाट आहे की मोठ्या नदीचं पाणी धाकट्या नदीत शिरतं, तिला मागे रेटत पश्चिमेला लिआंबेझी तळ्याच्या दिशेने नेतं. दोन्ही काठांची कुरणं पाण्याखाली जातात. मग मे उजाडतो, पाणी उतरू लागतं आणि ऑक्टोबरपर्यंत उतरतच राहतं.

या पुस्तकातली छायाचित्रं त्या उतरत्या पाण्याची आहेत. त्यांत हत्ती आहेत, रानम्हशी, पाणघोडे, मगरी, सिंह, पाणचिरे, मत्स्यगरुड आहेत. ही सगळी चित्रं न्गोमा ते कसाने या नदीकाठच्या पट्ट्यात, काही उघड्या जीपमधून आणि काही नावेतून काढलेली आहेत. पण पुस्तक चाळणाऱ्याच्या मनात पहिला विचार येईल तो बहुधा विपुलतेचा. एकाच चौकटीत साठ-सत्तर हत्ती, त्यांच्या पायांशी इंपालांचे कळप, मागे रानम्हशींची काळी रांग. एवढं जनावर पाहून कुणालाही वाटावं, की केवढं हे भरलेलं जंगल! तो समज वाचकाने पहिल्याच पानावर बाजूला ठेवावा, यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. ही गर्दी टंचाईची आहे.

चोबे राष्ट्रीय उद्यान सुमारे 11,700 चौरस किलोमीटरचं. त्यात बारमाही वाहतं पाणी आहे ते उत्तरेच्या कडेला. बाकी सगळी कलहारीची वाळू, तिच्यावर सागवानासारख्या कठीण लाकडाची झाडी आणि मोपाने वृक्षांचे पट्टे. नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो. त्या दिवसांत मोपानेच्या चिकणमातीत जागोजाग डबकी भरतात आणि जनावरं साऱ्या मुलखात पांगतात. नदीकाठ तेव्हा हिरवागार असतो आणि बराचसा रिकामा. झेब्र्यांचे कळप तर चोबेच्या पूरमैदानातून थेट दक्षिणेला न्क्साय पानपर्यंत, अडीचशे किलोमीटर चालत जातात. गळ्यात उपग्रह-पट्टे बांधलेल्या झेब्र्यांवरून हे कळलं आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. आफ्रिकेत नोंदलेल्या सर्वांत लांब स्थलांतरांत त्याची गणना होते. आपल्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं उभे असणारे प्राणी पावसाळ्यात नेमके कुठे जातात, हे इतक्या अलीकडे उमगावं याचं मला अजून नवल वाटतं.

डबकी आटली की परतीचा प्रवास सुरू होतो. मोठा हत्ती दिवसाला शंभर ते दोनशे लिटर पाणी पितो. नदीपासून फार लांब राहणं त्याला परवडत नाही. पिलं घेऊन चालणाऱ्या माद्यांना तर मुळीच नाही. जुलैपासून नदीकाठची गर्दी वाढत जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी दोन-अडीचच्या सुमारास काठावर जे दिसतं, ते मराठवाड्यात मे महिन्यात टँकर आल्यावर दिसणाऱ्या गर्दीच्या जातीचं आहे. छायाचित्रकार ज्याला हंगाम म्हणतो तो प्राण्यांच्या वर्षातला सर्वांत कठीण काळ असतो. आपल्याकडेही ताडोब्यात वाघ पाहायचा तर एप्रिल-मे सांगतात, पाणवठ्यावर बसायला सांगतात. कबिनीच्या जलाशयाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटलं की उघड्या पडलेल्या गवतावर आशियाई हत्तींचे मोठे मेळे जमतात. कारण तेच. म्हणून या पुस्तकात प्रत्येक चित्राखाली प्राण्याच्या नावाआधी महिना छापला आहे. तो वाचल्याशिवाय चित्र पुरतं कळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता जमीन आणि पाणी यांच्याविषयी. चोबेत सकाळी गाडी आणि दुपारी नाव, असा बहुतेकांचा दिनक्रम असतो. त्याकडे दोन वाहनं म्हणून पाहिलं तर फार काही हाती लागत नाही. खरा फरक उजेडाचा आहे. नदी इथे ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. दक्षिणेला बोत्स्वानाचा उंच, झाडीचा काठ. उत्तरेला नामिबियाचं सखल गवताळ मैदान. हा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे अठरा अंशांवर असल्याने मे ते ऑगस्ट सूर्य दिवसभर उत्तरेकडून जातो आणि भर दुपारीही फार वर चढत नाही. आपल्याला हिवाळ्यात दक्षिणेला झुकलेला सूर्य ठाऊक असतो, त्याच्या अगदी उलट. म्हणजे नाव नदीत उभी करून दक्षिण काठाकडे कॅमेरा लावला की सूर्य आपल्या पाठीशी असतो. पाणी प्यायला उतरलेल्या हत्तीच्या कातडीवरची एकेक सुरकुती, सोंडेच्या टोकावरचा थेंब, पापण्यांचे केस, सगळं उजळलेलं. त्याच हत्तीला काठावरच्या रस्त्यावरून, गाडीतून पाहिलं, तर आपण उत्तरेकडे पाहत असतो आणि उजेड समोरून येतो. मग हत्ती काळा होतो, त्याच्याभोवतीची धूळ पेटते, आणि पाण्याची चकाकी सगळी चौकट व्यापते. एकच प्राणी, एकच क्षण, पन्नास मीटरांचं अंतर. आणि दोन चित्रं एकमेकांना ओळखही देणार नाहीत. पुस्तकात काही ठिकाणी अशी जोडचित्रं समोरासमोर छापली आहेत. सप्टेंबर संपताना सूर्य डोक्यावर येऊ लागतो, वणव्यांचा धूर आणि धूळ हवेत साचते, आणि हा फरक पुसट होतो. त्या दिवसांत संध्याकाळचा सूर्य तांबड्या थाळीसारखा धुरात उतरतो. आफ्रिकेची म्हणून जी तांबडी संध्याकाळ आपण पाहतो तिच्यात या धुराचा मोठा वाटा आहे.

दुसरा फरक उंचीचा. गाडीत छायाचित्रकार जमिनीपासून माणूसभर उंच बसतो, आणि काठ मुळातच उंच असल्याने पाण्याशी आलेल्या जनावराकडे वरून खाली पाहतो. पार्श्वभूमीला गढूळ पाणी नाहीतर चिखल येतो. नावेत भिंग पाण्यापासून जेमतेम कमरेएवढ्या उंचीवर असतं. मगरीचा डोळा, पाण्यात पोहणाऱ्या हत्तीची वर धरलेली सोंड, कमळाच्या पानावरून चालणारा कमळपक्षी यांच्या पातळीवर तुम्ही येता, आणि मागचा काठ इतका दूर जातो की तो केवळ रंग होऊन उरतो. चोबेवर छायाचित्रकारांसाठी खास बनवलेल्या नावा आहेत. तळ सपाट, बाजू बुटक्या, प्रत्येकाला फिरती खुर्ची आणि खुर्चीलाच जोडलेला कॅमेऱ्याचा टेकू, त्यामुळे जड भिंगाचं वजन हातावर येत नाही आणि बसल्या जागी सगळीकडे वळता येतं. सोय उत्तम आहे. पण सोयीने चित्र होत नाही. ते नावाड्याच्या अंदाजाने होतं.

हे ज्यांनी भिगवणला फोटो काढले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला, मासेमारी करणारे नावाडी रोहित पक्ष्यांच्या थव्याकडे नाव नेताना वल्ह्याऐवजी बांबूने तळ रेटत नेतात, थवा मान वर करायच्या आत थांबतात आणि सूर्य कुठे आहे ते न विचारता नाव त्या बाजूला आणतात. पुण्या-मुंबईच्या कितीतरी छायाचित्रकारांनी पाण्यावरून चित्र काढण्याचे पहिले धडे तिथेच गिरवले. चोबेचा वाटाड्या हेच करतो, फक्त त्याच्या पाण्यात पाणघोडे असतात. कळप नदी ओलांडणार हे त्याला आधी कळतं. काठावर पुढारी मादी थबकली, तिने सोंड उंचावून हवा हुंगली, पिलं मोठ्यांच्या पायांत ओढली गेली, की तो नाव प्रवाहाच्या खालच्या अंगाला, त्यांच्या वाटेपासून दूर नेऊन उभी करतो, इंजिन बंद करतो आणि वाट पाहायला सांगतो. त्या क्षणी दुसरी एखादी नाव हौसेने मध्ये घुसली तर कळप मागे वळतो. तहानलेला, पिलं असलेला कळप. अशा वेळी हाती लागलेलं चित्र कितीही चांगलं असलं तरी ते या पुस्तकात घेतलेलं नाही. मेलेला मासा पाण्यात फेकून मत्स्यगरुडाला झडप घालायला लावायची रीत आफ्रिकेत अनेक तळ्यांवर आहे. तसं चित्रही इथे सापडणार नाही. झडपेची जी दोन चित्रं आहेत ती गरुडाच्या स्वतःच्या शिकारीची आहेत, आणि त्यांतल्या एकात मासा निसटला आहे.

पाणचिऱ्याविषयी थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असलेला हा पक्षी पाण्याचा पृष्ठभाग चिरत उडतो आणि चोचीला मासा लागताच ती मिटतो. आपल्याकडचा पाणचिरा चंबळसारख्या नद्यांच्या वाळूच्या बेटांवर घरटी करतो. त्याचा आफ्रिकी भाऊबंद चोबे-झांबेझीच्या वाळूवर. घरटं म्हणजे वाळूत केलेला खळगा, दुसरं काही नाही. नदी उतरली की वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि पुन्हा पाणी चढायच्या आत अंडी घालून पिलं उडवावी लागतात. म्हणजे हत्तीला जी टंचाई आहे ती पाणचिऱ्याला मुदत आहे. आणि वेगाने गेलेल्या नावेची एक लाट त्या खळग्यातली अंडी वाहून न्यायला पुरेशी असते. त्याचं उडतं चित्र काढायचं तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्शाहून जलद हवं, हे तंत्र कुणीही शिकवील. नाव वाळूपासून किती लांब आणि किती संथ न्यायची हे तंत्राच्या पुस्तकात नसतं. मला ते शटरपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

गाडीतून काढलेली चित्रं तुलनेने कमी आकर्षक आहेत, हे आधीच सांगतो. बोत्स्वानाच्या राष्ट्रीय उद्यानांत रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, रात्री फिरता येत नाही. त्यामुळे जे आहे ते रस्त्यावरून, दिवसाउजेडी. कसानेच्या जवळच्या भागात गाड्यांची गर्दीही होते. तरीही जमिनीवरची चित्रं मी आग्रहाने घेतली, कारण नदीवरून काठ दिसतो, काठामागचं काहीच दिसत नाही. जनावर नदीवर कुठून येतं, कोणत्या वाटेने, किती धूळ उडवत, वाटेत काय मोडत, हे गाडीतूनच कळतं. हत्तींच्या वाटा उताराला घसरून खोल गेल्या आहेत, कित्येक ठिकाणी त्यांत माणूस उभा राहिला तर फक्त डोकं दिसेल. आणि या वाटांच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत ती मेलेली झाडं.

ही वठलेली, पांढरी पडलेली झाडं अनेक चित्रांत येतात. त्यांच्यावर गरुड बसतो, मागे चंद्र उगवतो, त्यामुळे छायाचित्रकारांना ती प्रिय असतात. पाहणारे मात्र हळहळतात, की हत्तींनी जंगल उजाड केलं. इथे थोडा इतिहास पाहायला हवा. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंतासाठी या मुलखातले हत्ती जवळजवळ संपवले गेले. 1896 च्या सुमारास बुळकांडीची साथ आली आणि तिने गुरांबरोबर रानम्हशी आणि हरणंही मारली. रोपं खाणारं, तुडवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा नदीकाठच्या वाळूमातीत बाभळीच्या जातीची झाडं एकदम वाढली. ती मोठी झाली, सावली दाटली, आणि तोच मूळचा काठ असं पुढच्या पिढ्यांना वाटू लागलं. विसाव्या शतकात संरक्षण मिळालं, हत्ती परतले, वाढले आणि त्या झाडांची साल सोलू लागले. झाडं गेली, त्यांच्या जागी आपल्या वाघाटीच्या कुळातली काटेरी झुडपं पसरली आणि झुडपं खाणाऱ्या इंपालांची भरभराट झाली. या काठावर काम केलेल्या संशोधकांनी हा क्रम तपशीलवार मांडला आहे. म्हणजे आपण ज्याला ऱ्हास म्हणून टिपतो, ते कदाचित शंभर वर्षांनंतरचं पूर्ववत होणं आहे. किती हत्ती म्हणजे पुरेसे आणि किती म्हणजे जास्त, यावर तिथे अजून वाद आहे, आणि त्यात मी छायाचित्रकार म्हणून निवाडा देणार नाही. पण वठलेल्या झाडाचं चित्र काढणाऱ्याने त्याच्या वाढीचाही इतिहास वाचावा, एवढा आग्रह धरण्याचा अधिकार मला आहे असं वाटतं.

नदीच्या मधोमध एक बेट आहे, आणि पुस्तकातली पुष्कळ चित्रं त्याच्या भोवतालची आहेत. बोत्स्वाना त्याला सेदुदू म्हणतो, नामिबिया कासिकिली. साडेतीन चौरस किलोमीटरचं हे सपाट गवत वर्षातले काही महिने पाण्याखालीच असतं. 1890 मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी करारात लिहिलं, की सीमा चोबेच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून जाईल. बेटाच्या उत्तरेचा प्रवाह मुख्य की दक्षिणेचा, हे कुणी लिहिलं नाही. शतकभराने दोन स्वतंत्र देश त्यावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. 1999 मध्ये न्यायालयाने उत्तरेचा प्रवाह मुख्य ठरवून बेट बोत्स्वानाला दिलं. त्याच निकालाने दोन्ही प्रवाहांत दोन्ही देशांच्या नावांना सारखी वागणूक मिळेल असंही सांगितलं. म्हणून आज दोन्ही देशांच्या नावा बेटाभोवती फिरतात. हत्ती सकाळी पोहून गवताकडे जातात, संध्याकाळी पोहून परततात. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया, झिंबाब्वे या पाच देशांनी 2011 मध्ये करार करून कावांगो-झांबेझी नावाचं सीमापार संरक्षणक्षेत्र उभं केलं, सुमारे 5,20,000 चौरस किलोमीटरचं. महाराष्ट्र आहे त्याहून दीडपटीपेक्षा मोठं. 2022 च्या हवाई गणनेत त्यात सुमारे 2,28,000 हत्ती मोजले गेले आणि त्यांतले सुमारे 1,32,000 एकट्या बोत्स्वानात होते. जगात दुसऱ्या कुठल्याच देशात इतके हत्ती नाहीत.

या आकड्याची दुसरी बाजू नदीवरून दिसत नाही. उद्यानाच्या पश्चिमेला न्गोमाच्या पुढे माबेले, कविंबा, कचिकाऊ अशी गावं आहेत. तिथले लोक ज्वारी-मका पिकवतात, गुरं पाळतात. हत्ती एका रात्रीत शेत संपवतात, कधी माणूस मारतात. शेतकरी हत्तीच्या शेणात मिरची घालून केलेल्या गोवऱ्या बांधावर जाळतात, रात्र जागवतात. बोत्स्वानाने 2014 मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि 2019 मध्ये उठवली, तेव्हा बाहेरच्या जगाने त्या देशाला खूप बोल लावले. त्यांतल्या किती जणांच्या शेतात हत्ती शिरला होता? सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून तिथे माड, सुपारी, केळी आणि भातशेती कशाची शाश्वती राहिलेली नाही. दोडामार्गात हत्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. चोबेच्या गावांना लाखाच्या हिशेबात जगावं लागतं. मी शिकारीच्या बाजूचा नाही. पण हत्तीवर प्रेम करायला सांगणाऱ्या कुठल्याही पुस्तकात या गावांचा उल्लेख नसेल, तर ते पुस्तक अर्धं आहे असं मी मानतो. या पुस्तकात त्या शेतांची चित्रं आहेत. तिथल्या माणसांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

मांडणीबद्दल शेवटचं. प्राण्यांप्रमाणे विभाग करणं सोपं होतं. तसे केलेले नाहीत. पुस्तक पाण्याच्या पातळीप्रमाणे चालतं. सुरुवात एप्रिलच्या पुराने होते, पुढे कुरणं उघडी पडतात, वाळू वर येते, गर्दी वाढते, ऑक्टोबरला सगळं शिगेला पोहोचतं. बाहेरून येणारे बहुतेक छायाचित्रकार तिथून घरी परततात आणि त्यांची पुस्तकंही तिथेच संपतात. इथे त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारीचा विभाग आहे. त्यात हत्ती जवळजवळ नाहीत. गवतात लपलेलं हरणाचं नवजात पिलू आहे, झाडीतली भरलेली डबकी आहेत, त्यांच्याकाठी चिखलात उमटलेले आणि दक्षिणेकडे निघून गेलेले माग आहेत. पानांची संख्या मात्र ऑक्टोबरएवढीच ठेवली आहे. प्रकाशकांनी ती कमी करण्याबद्दल विचारलं होतं. मी ती राखली आणि त्यांनी ते मानलं, याबद्दल त्यांचा ऋणी आहे. ज्या नावाड्यांनी आणि वाटाड्यांनी इंजिन कधी बंद करायचं ते शिकवलं, त्यांचाही.